बाभुळगावहून टाकलेला अर्ज

निनावी अर्ज कसा लिहावा हे मला चांगले कळते. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलापासून सुरुवात करून अधीक्षक म्हणून मी निवृत्त झालो, आणि त्यातली निम्मी वर्षे असले अर्ज वाचण्यात गेली. बहुतेक अर्ज मूर्खपणाचे असत. शिव्या, शाप, देवाच्या आणाभाका. ते फाइलला लावायचे आणि विसरायचे. पण दहात एखादा असा येई की साहेबाला खुर्चीतून उठावेच लागे. त्यात शिवी नसे. जागा कोणती, काय चालते, कोणता परवाना नाही, एवढेच असे. आणि तळाशी ‘प्रत माहितीसाठी सादर’ म्हणून आणखी दोन कचेऱ्या. दुसरी प्रत दुसऱ्याच्या टेबलावर पडलेली असते, म्हणून पहिल्याला झोपून राहता येत नाही. ही युक्ती मी कधी कोणाला शिकवली नाही. वापरली एकदाच, आणि ती स्वतःच्या मुलीविरुद्ध.

लिहिले एकदाचे. दोन वर्षे हे वाक्य मी कोणासमोर बोलू शकलो नव्हतो. आता हे कागद कपाटात ठेवणार आहे. माझ्यामागे ज्याच्या हाती पडायचे त्याच्या हाती पडोत.

मुळात माझी नोकरी कशी लागली ते सांगायला हवे. घरात मी ते इतक्या वेळा सांगितले आहे की बायको त्याला कथा म्हणते, आणि संपली की “प्रसाद कुठे आहे?” म्हणून विचारते. मॅट्रिक, टायपिंगची परीक्षा, आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजात नाव. एक दिवस घरी कॉल लेटर आले. मुलाखतीला आम्ही बारा जण होतो आणि जागा होत्या नऊ. साहेबांनी चार ओळी सांगितल्या, मी लिहून घेतल्या. अक्षर पाहून ते म्हणाले, “सोमवारपासून ये.” झाली नोकरी. त्यानंतर पगार, घर, लग्न, कॉलनीतला प्लॉट, सगळे आपापल्या वेळी येत गेले. माझे कर्तृत्व एवढेच की माझे अक्षर चांगले होते. पण कथेच्या शेवटी मी तात्पर्य सांगत असे : मेहनत करणाऱ्याला मिळतेच.

हे तात्पर्य माझ्या मुलीने सात वर्षे ऐकले. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे. अमरावतीला क्लास, मग पुण्याला क्लास, मग घरच्या मागच्या खोलीत टेबलावर पुस्तकांचे ढीग. एकदा दीड गुणाने गेली. एकदा परीक्षाच रद्द झाली. एकदा यादीत नाव आले, आम्ही पेढे वाटले, आणि ती भरती कोर्टात जाऊन बसली ती बसलीच. दर वेळी मी म्हणायचो, “थोडा अभ्यास कमी पडला.” ती मान हलवायची आणि खोलीत जायची. तिच्या परीक्षेच्या एका हॉलमध्ये जेवढी पोरे बसत, तेवढी माझ्या वेळी अख्ख्या मुलाखतीच्या दिवसात आली नव्हती. मला हे कळत नव्हते असे नाही. पण ते कबूल केले असते तर माझी कथा फुकट गेली असती.

वयाची अट संपायला थोडा काळ उरला होता. संक्रांतीनंतर एका दुपारी जेवताना ती म्हणाली, “बाबा, मी आता फॉर्म नाही भरत. मी कांडपाचं मशीन घेऊन राह्यली.”

“कशाचं?”

“कांडपाचं. तिखटाचं.”

“एम.एस्सी. करून तू लोकायचं तिखट कुटशील?”

“एम.एस्सी. करून सात वर्षं घरी बसली, तेव्हा नाही विचारलं तुमी.”

बायको तोंडाला पदर लावून हसली. मी ताट सारून उठलो. नंतर कळले की मायलेकींचे सगळे आधीच ठरले होते, मला फक्त कळवण्यात आले होते. मुलीने शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशांत मशीन आले.

जागा मिळाली ती यवतमाळहून लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. औद्योगिक वसाहतीत एवढ्याशा कामाला कोण उभे करतो? पण वसाहतीच्या अलीकडे एका मुसलमान मिस्त्रीचे टिनाचे शेड होते. पंपांच्या आणि कूलरच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणे, म्हणजे वाइंडिंग, हे त्याचे काम. वीस उन्हाळे आमच्या कूलरची मोटार त्यानेच जिवंत ठेवली. मुलगी त्याला चाचा म्हणते. त्याने अर्धे शेड तिला दिले, मधे पत्र्याची भिंत घातली, आणि तिखटाची धूळ बाहेर जाऊ नये म्हणून जुन्या पंख्याला कापडी पिशवी जोडून एक यंत्र स्वतःच्या डोक्याने तयार केले. “पोरगी कामाची हाय, साहेब,” तो मला म्हणाला होता. मी “हं” म्हणालो होतो.

होळीच्या सुमारास काम सुरू झाले. मी एकदाच पाहायला गेलो. बाया उन्हात वाळवलेल्या, देठ काढलेल्या मिरच्या घेऊन ओळीने बसल्या होत्या. प्रत्येकीचा डोळा आपापल्या डब्यावर. एक जण विचारत होती, “माह्या आधी कोनाचं होतं? त्याच्यातलं माह्यात नको येऊ देऊ वं.” मुलगी मशीन पुसून, झटकून, त्या बाईला आत वाकून पाहायला लावत होती. तिचे तोंड ओढणीने बांधलेले, फक्त डोळे दिसत होते, तेही लाल. मला पाहून ते डोळे हसले. “बाबा, लांब उभे राहा, ठसका लागन.” मी लांबच उभा होतो. रस्त्यावरून ओळखीचे कोणी जाऊ नये म्हणून रस्त्याकडे पाठ करून उभा होतो.

आमची कॉलनी नोकरदारांची. सकाळी फिरायला निघालेले सगळे निवृत्त आणि सगळ्यांच्या तोंडी मुलांची पदे. कोणाचा बँकेत, कोणाची सून तलाठी. “तुमची कन्या काय करते सध्या?” असे कोणी विचारले की मी सांगत असे, “तयारी चालू आहे.” मशीन लागून महिना झाला तरी तयारी चालूच होती. मग एका सकाळी एक जुने सहकारी सर्वांसमोर मोठ्याने म्हणाले, “अधीक्षक साहेब, तुमच्या तयारीचं तिखट मस्त झालं बरं! आमच्या हिनं पाच किलो करून आणलं.”

सगळे हसले. त्यात कुजकेपणा नव्हता, आज मला तसे वाटते. तिखटाची तारीफच होती ती. पण त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटे पकडले गेले याचा राग मी खोटे बोलणाऱ्यावर काढायला हवा होता. मी तो मशीनवर काढला.

दोन दिवसांनी अर्ज लिहिला. मायलेकी शेडवर गेल्या होत्या. मुलीच्याच लॅपटॉपवर, ज्याच्यावर तिने सात वर्षे अभ्यास केला, मी बसून टाइप केला. हेतू वाईट नाही असे मी स्वतःला बजावत होतो. एक नोटीस येईल, पोरगी घाबरेल, मशीन विकेल, शेवटची एक परीक्षा देईल, आणि पुढे माझे उपकार मानेल. अर्ज मुद्देसूद झाला. तिखटाच्या धुळीचा त्रास. परवाना नाही. खाण्याचा जिन्नस आणि वाइंडिंगचे वॉर्निश एकाच छपराखाली. वाचून पाहिले तर हलका वाटला. असा अर्ज मी स्वतः महिनाभर दाबून ठेवला असता. म्हणून चौथा मुद्दा घातला. शेडमालकाचे संपूर्ण नाव लिहिले आणि पुढे लिहिले की, सदर इसमाच्या जागेत एका तरुण मुलीची दिवसभर ये-जा असते, त्यामुळे भविष्यात अनुचित प्रकार घडून परिसरातील शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही.

आजच्या दिवसांत तसल्या नावापुढे तसले वाक्य आले की कचेरीत त्याचा काय अर्थ होतो, हे मला पक्के ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच लिहिले. ती तरुण मुलगी माझी होती. या लिखाणात मी कोणाचेच नाव घातलेले नाही, कारण एकदा एक नाव पूर्ण लिहिले तेवढे पुरे झाले.

यवतमाळचा शिक्का पाकिटावर नको होता. बायकोला सांगितले, एक जुना सहकारी आजारी आहे, भेटून येतो. एस.टी.ने बाभुळगावला गेलो, झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्हवरून तीन प्रती काढल्या, तीन पाकिटे केली आणि पोस्टाच्या पेटीत टाकली. स्टँडवर चहा घेतला. त्या चहाची चव मला अजून आठवते, कारण तेव्हा मला चक्क स्वतःच्या हुशारीचे कौतुक वाटत होते.

बारा दिवसांत नोटीस आली. एक मुलीला, एक मिस्त्रीला. मुलगी दुपारीच घरी आली, तोंडाची ओढणीही सोडलेली नव्हती. “बाबा, हे वाचा ना. मले यातलं काही समजून नाही राह्यलं.”

मी चष्मा लावून माझेच मुद्दे वाचले. मग ठरवून ठेवलेले बोललो, “बंद कर बाई. कायले भानगडीत पडतेस?”

“बंद कायले?” ती माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू मी गंमत करत होतो. “तुमी आहे ना. तुमी उत्तर लिहा. असली भाषा आपल्याकडं तुमच्याशिवाय कोणाले येते?”

सात वर्षांत तिच्या अभ्यासातले एक अक्षर मला समजवता आले नव्हते. तिच्या पुस्तकांना मी फक्त कव्हरे घातली होती. पहिल्यांदाच तिला काहीतरी हवे होते आणि ते माझ्याकडे होते. मला वाईट वाटायला हवे होते, पण खरे सांगतो, मला आनंद झाला. मी म्हणालो, “कागद आण.”

उत्तर फक्कड झाले. उभ्या नोकरीत असा मसुदा मी केला नव्हता. अर्जात कुठे पोकळ आहे हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? पहिल्या मुद्द्याला धुळीच्या पिशवीचे वर्णन दिले. दुसऱ्याला परवान्याचा रीतसर अर्ज जोडला. तिसऱ्याला पाहणीची विनंती केली. चौथ्याला लिहिले की हा आरोप निव्वळ द्वेषबुद्धीने केलेला असून अर्जदाराच्या विकृत मनोवृत्तीचा द्योतक आहे. मुलीने वाचून माझ्या खांद्यावर डोके टेकले. तिच्या केसांना तिखटाचा वास येत होता आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. तिला वाटले तिखटाने आले असेल.

उत्तर द्यायला आम्ही दोघे गेलो. टेबलावर माझ्या हाताखाली शिकलेला कारकून होता. उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा सांगितला. फाइल उघडून म्हणाला, “साहेब, अर्ज लिवणारा पक्का आपल्यातला दिसते. प्रती पाहा ना कशा मारल्या. बाहेरच्याले नाही जमत असं.”

तो हसला, मीही हसलो. मुलीने विचारले, “कोण असन, बाबा?”

“असेल कोणी रिकामटेकडा,” मी म्हणालो. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्या कारकुनाला काही उमगले का, ते मला आजवर कळलेले नाही. त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिले नाही आणि फाइल जरा लवकर मिटली, एवढे खरे.

पाहणीला आलेला साहेब माणूस बरा होता. धुळीची पिशवी पाहून त्याने मिस्त्रीची तारीफ केली. शेजारी-पाजारी विचारले, कोणाची तक्रार नव्हती. पण वॉर्निश आणि खाण्याचे तिखट एका छपराखाली चालणार नाही म्हणाला. दोघांपैकी एकाने जागा बदलावी, दुसऱ्याचे कागद होऊन जातील. माझा तिसरा मुद्दा खरा होता, आणि माझ्या उत्तरातही त्याला इलाज नव्हता.

ऐन हंगाम होता. मशीन हलवायचे म्हणजे नवी जागा, नवे मीटर, आणि तोवर बाया दुसरीकडून तिखट करून मोकळ्या. पहिलेच वर्ष हातचे गेले असते तर दुसरे आले नसते. तरी मुलगी म्हणाली, “चाचा, शेड तुमचं आहे. मी पाहते दुसरीकडं.”

“शेड माझं हाय म्हनून तं अर्ज आला,” मिस्त्री म्हणाला. “तुझ्यावर कोनाचा राग असन, बेटा? माझं नाव पाहून लिवलं कोनंतरी. कचेरीवाल्यायनं तो कागद मले वाचून दाखवला ना. मीच जातो. माझं काम घरी बी होते.”

मग तो माझ्याकडे वळला. हात तारेच्या कामाने काळे झालेले. ते जोडून म्हणाला, “साहेब, माफ करा. माझ्या जागेपायी पोरीचं नाव खराब झालं.”

मी काय केले असेल? मी त्याचे हात धरले आणि म्हणालो, “असू द्या, असू द्या.” मी त्याला माफ केले! आजही भाजी घेताना, दाढी करताना, कधीही हे दोन शब्द माझ्याच आवाजात ऐकू येतात आणि मान आपोआप खाली जाते.

परवाना आला. मुलीने तो चौकटीत घालून भिंतीवर लावला. आलेल्या बाईला ती सांगते, “बाबानं लिहून दिलं म्हणून टिकलं हे.” आता तिखटाबरोबर हळद आणि काळा मसालाही होतो, नागपूरला जातो. फिरायला जाणाऱ्यांत माझा भाव वाढला आहे. कोणाला नोटीस आली की मसुद्यासाठी माझ्याकडे येतात. मी सांगतो, “मुलीचा व्यवसाय आहे,” आणि छाती पुढे काढतो. बायको एकदा मिरच्यांचे देठ काढता काढता म्हणाली, “पाहा, तुमच्या नोकरीचा पोरीले शेवटी उपयोग झाला.” मी देठ काढत राहिलो.

मिस्त्रीचे घर आत, अरुंद गल्लीत आहे. शेतकरी जळालेला पंप घेऊन यायचे ते रस्त्यावरचे शेड पाहून. आता गल्लीत ऑटोही वळत नाही. जुने लोक विचारत येतात, नवे येत नाहीत. मुलगी त्याला वेळेवर भाडे देते, गिऱ्हाईक धाडते, ईदला घरी जाते. त्याचे काम निम्म्यावर आले हे तिला माहीत आहे आणि ते तिला लागते. “ज्यानं लिहिलं त्याचं कधीच भलं नाही होणार,” ती एकदा जेवताना म्हणाली. मी भाजी वाढून घेतली.

शेवटी गेल्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो. अंगणात ताडपत्रीखाली तो बसला होता, मांडीवर साचा, हातात तांब्याची तार. आत घरातून चहा आला. मी तो घेतला नाही. म्हणालो, “मिस्त्री, तो अर्ज मी लिवलता.”

त्याचा हात थांबला नाही. वेटोळे मोजत तार गुंडाळायची असते, मधेच थांबले की मोजणी चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. त्याचे ओठ हलत होते. मी त्याची मोजणी संपण्याची वाट पाहत उभा राहिलो. गुंडाळी पूर्ण झाली, त्याने दोऱ्याने बांधली, बाजूला ठेवली. मग वर पाहिले.

“काहून?” त्याने विचारले.

मी सांगितले. फॉर्म, परीक्षा, कॉलनीतले लोक. सांगताना माझ्याच कानांना ते इतके किरकोळ वाटले की मधेच थांबलो.

“अन् ते पोरीचं? शांततेचं?”

“ते बी मीच.”

त्याने मांडीवरचे तारेचे तुकडे झटकले. मग म्हणाला, “तिले मालूम हाय?”

“नाही. आज सांगतो.”

“नका सांगू.” पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “तिले कळलं तं ते मशीन बंद करन ती. मले शेडात आनून बसवन अन् सोता घरी बसन. मी तिले ओळखतो. माझं गेलं ते गेलं. तिचं आता नका बिघडवू.”

त्याने नवा साचा मांडीवर घेतला आणि तारेचे टोक शोधू लागला. बसा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. माझ्यासाठी आलेला चहा तसाच पायरीवर होता.

मी गल्लीतून बाहेर निघालो. शिक्षा घ्यायला म्हणून गेलो होतो. वाटले होते, तो शिव्या देईल, किंवा मुलीला बोलावून घेईल, आणि एकदाचे संपेल. त्याने जे म्हटले ते तिच्यासाठी म्हटले, माझ्यासाठी त्यात एक शब्दही नव्हता. पण “नका सांगू” हे ऐकल्याबरोबर मला हायसे वाटले. रस्त्यावर येईपर्यंत वाटत होते, मग त्याचीच लाज वाटली.